रिकाम्या हातांचा भाग

मोगामीने वर्तुळ काढण्यासाठी पेन कागदाला टेकवले, तेवढ्यात तेराओकाने आपला अंगठा ‘धंद्याची भरभराट’ या शब्दांवर ठेवला.

“अंगठा उचला, शाई लागेल,” मोगामी म्हणाला.

“लागू दे. आपलं तिथं काम नाही. आपलं दोन ओळी वर.”

देवस्थानाच्या कार्यालयातल्या त्या छापील अर्जावर प्रार्थनेची कारणे एकाखाली एक दिलेली होती : अरिष्टनिवारण, रोगमुक्ती, धंद्याची भरभराट, वाहनाची सुरक्षितता, सुखरूप बाळंतपण, परीक्षेतले यश. हवे त्याभोवती वर्तुळ काढायचे, खाली मंडळींची नावे लिहायची आणि पाळी येईपर्यंत अंगणातल्या बाकावर बसून राहायचे. तेराओकाने हा अर्ज यापूर्वी तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा वर्तुळ पहिल्याच कारणाभोवती पडले होते. भीती तयार करणे हा ज्यांचा उद्योग, त्यांनी ती आपल्या पाठोपाठ घरी येऊ नये एवढे तरी देवाकडे मागून घ्यावे, अशी त्यांच्या व्यवसायातली रीत होती. भुताखेतांची नाटके करणारे ती पाळत, चित्रपटवाले पाळत. आणि ‘बुडीत’ या व्हिडिओ खेळांच्या मालिकेची माणसेही गेली अकरा वर्षे, प्रत्येक खेळाच्या शेवटच्या टप्प्याला हात घालण्याआधी, ओसाकातल्या या दोन इमारतींच्या फटीत बसवल्यासारख्या देवस्थानात येऊन ती पाळत आली होती.

“अरिष्टनिवारण,” मोगामीने वाचले. “कसलं अरिष्ट, तेराओकासान? आपल्या खेळात आता हेलिकॉप्टर आहे. हेलिकॉप्टर काही कुणाच्या मानगुटीवर बसत नाही.”

मागे उभे असलेले चौघे हसले. त्यांतल्या दोघांनी ते हेलिकॉप्टर स्वतः रेखाटले होते, त्यामुळे त्यांना जरा जास्तच हसू आले.

“म्हणजे या खेळात घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तुम्ही देवाला लेखी देताय,” तेराओका म्हणाला.

“मी लेखी देतोय, की खेळ खपू दे. देवाला त्यात काही अडचण असेलसं वाटत नाही. त्याच्या मागच्या दाराला आपल्या शेजारच्या बँकेनं दान केलेला कंदील लटकलाय, नावासकट.”

“साहेब, कारण एकच,” खिडकीपलीकडच्या वृद्ध बाई म्हणाल्या. त्यांच्या समोर शाईची दौत होती आणि चेहऱ्यावर असले वाद पुष्कळ पाहिल्याची शांतता. “दोन हवी असली तर दोन अर्ज. आणि मंडळींची नावं? त्या बाहेर उभ्या आहेत त्या बाईही तुमच्यातल्याच ना?”

सर्वांनी वळून पाहिले. रस्त्याच्या कडेला, देवस्थानाच्या शेंदरी तोरीच्या, म्हणजे प्रवेशकमानीच्या, खांबांपलीकडे निशिवाकी उभी होती. गळपट्टा कानांवरून गुंडाळून घेतलेला, दोन्ही हात कोटाच्या खिशांत. डोक्यावरून जाणाऱ्या उड्डाणपुलाची सावली नेमकी तिच्या पायांशी संपत होती. अर्थात फेब्रुवारीतल्या त्या ढगाळ सकाळी सावली आणि उजेड यांत फारसा फरक नव्हता. मालिकेतल्या प्रत्येक खेळाचा प्रत्येक आवाज तिने केलेला होता. सगळे तोरीखालून आत शिरले तेव्हा ती थांबली होती आणि “तुम्ही या जाऊन, मी आहे इथं,” एवढेच म्हणाली होती. 

“त्यांचंही नाव घाला,” तेराओका म्हणाला. “निशिवाकी. त्या पहिल्या खेळापासून आहेत.”

“मग आत का नाही आल्या? सुतक वगैरे असेल तर नाव घालत नाही आम्ही.”

“सुतक कसलं! रागावल्यात त्या.” तेराओकाने आवाज मुद्दाम चढवला, हे वाक्य बाईंसाठी नव्हतेच. “भरभराटीच्या प्रार्थनेला त्या उभ्या राहणार नाहीत. आणि अकरा वर्षांत त्या बाईला मी कधी कशासाठी अडून बसलेलं पाहिलं नाही. विचार करा, मोगामीसान.”

मोगामीने खरोखरच क्षणभर विचार केल्यासारखे केले. मग त्याने अर्ज घडी न घालता हातात घेतला आणि बाकाकडे निघाला. “पाळीला वेळ आहे. बसून भांडू.”

त्यांच्या आधी एका कुटुंबाची नवी मोटार होती. तिची चारही दारे उघडून ठेवली होती आणि पुजारी पांढऱ्या कागदी पट्ट्यांची काठी आळीपाळीने प्रत्येक दारातून आत फिरवत होता. मोगामीने यंत्रातून गरम कॉफीचे दोन डबे आणले आणि एक तेराओकाच्या हातात दिला. तो चौतीस वर्षांचा होता, तेराओका बावन्न. पण गेल्या वसंतापासून निर्माता मोगामी होता आणि दिग्दर्शक तेराओका, म्हणजे शेवटचा शब्द धाकट्याचा आणि शेवटून दुसरा थोरल्याचा. या व्यवस्थेत दोघेही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे भांडत.

“शंभरातले एकेचाळीस,” मोगामी म्हणाला.

“झालं सुरू.”

“तिसऱ्या ‘बुडीत’मध्ये शंभरातल्या एकेचाळीस लोकांनी तुमच्या त्या भागात खेळ बंद केला, तो पुन्हा उघडलाच नाही. पुढं तुम्ही चार तासांचं जे काही रचलंत, त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. माझा मेव्हणा त्यातलाच. डबी कपाटात ठेवलीय म्हणतो, चित्राची बाजू भिंतीकडं करून.”

“इतकं कौतुक माझं माझ्या आईनं केलं नाही.”

“तो चौथा खेळ विकत घेणार नाही, तेराओकासान.”

“घाबरलेला माणूस बोलतो, मोगामीसान. चार जणांना सांगतो. कंटाळलेला माणूस गप्प बसतो. तुमच्या मेव्हण्यानं किती जणांना सांगितलं असेल?”

मोगामीने कॉफीचा घोट घेतला. मेव्हण्याने बहुधा बऱ्याच जणांना सांगितले असावे.

ज्याबद्दल हा वाद आठ महिने चालला होता, त्याला त्यांच्या कार्यालयात ‘रिकाम्या हातांचा भाग’ म्हणत. धरणाच्या पाण्याखाली गेलेले एक गाव, दुष्काळात पाणी उतरल्यावर तिथे मोजणीला गेलेली एक बाई, तिच्या एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातातल्या पिस्तुलात सहा गोळ्या, अशी पहिल्या ‘बुडीत’ची सुरुवात होती. गोळ्या सहा आणि गावात वावरणारे नऊ, हा हिशेब तेराओकाने ठरवलेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. पण त्याची खरी निर्मिती म्हणजे प्रत्येक खेळाच्या मध्यावर येणारा तो सोळा मिनिटांचा पट्टा, ज्यात त्या सहा गोळ्याही काढून घेतल्या जात. लढता येत नाही, पळता येत नाही. केवळ गप्प बसून राहता येते. दुसऱ्या खेळात बाईच्या हाती बंदूक आली, तिसऱ्यात सोबती आला, आणि चौथ्यात तर बाईच गेली व तिच्या जागी दंडांवर शिरा उठलेला माजी सैनिक आला. गोळ्या मोजणे आता कोणी करीत नव्हते. माघार घेत घेत तेराओका या सोळा मिनिटांपर्यंत आला होता आणि इथून मागे त्याला जागा नव्हती.

या वेळचा भाग असा होता : बुडून वर आलेल्या एका घरात, कागदी पडद्याआड, अंधारात काहीतरी पडलेले आहे. ते दिसत नाही. त्याचा फक्त श्वास ऐकू येतो. त्याच्या उशापासून सरपटत पलीकडच्या दारापर्यंत जायचे, आणि तेही ते श्वास घेत असताना. दोन श्वासांच्या मधल्या शांततेत जरा हालचाल झाली, की संपले. 

“एक सांगू?” मोगामी म्हणाला. “मी तो भाग काढायचं ठरवूनच बसलो होतो. पण मागच्या आठवड्यात वरच्या लोकांनी तो श्वास ऐकला. इवानागासान म्हणजे सत्तरीचा माणूस, हिशेबाचा विभाग सांभाळणारा. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. नंतर म्हणाले, हे ठेवा.”

तेराओकाने डबा दोन्ही तळव्यांत घट्ट धरला.

“तर भाग राहील,” मोगामी म्हणाला. “सोळाच्या सोळा मिनिटं. श्वास राहील, अंधार राहील. फक्त हात रिकामे राहणार नाहीत. कडेला एक बंदूक पडलेली असेल. ज्याला बसून राहायचंय तो बसेल. ज्याला सोसवणार नाही तो उचलेल, पडद्यातून दोन गोळ्या घालेल आणि पुढं जाईल.”

“आणि ते मरेल.”

“मरेल. म्हणजे, आधी ओरडेल. ओरडणं निशिवाकीसान करतील काहीतरी.”

“बंदूक दिसली की कुणी बसून राहत नाही.”

“काही राहतील. तुमच्यासारखे हट्टी.” मोगामीने अर्ज पुढे केला. “आणि हे घ्या. अरिष्टनिवारण. काढा तुमच्या हातानं वर्तुळ. बंदूक माझी, अर्ज तुमचा.”

तेराओकाने या प्रस्तावाचे वजन करून पाहिले. वाद घालणाऱ्या माणसाला एक सवय असते : समोरच्याने अर्धे पाऊल मागे घेतले की ते अर्धे पाऊल आपणच जिंकले असे त्याला वाटते, आणि त्याने त्याच वेळी बाजूने किती जागा व्यापली हे त्याच्या ध्यानात येत नाही. शून्यापेक्षा सोळा मिनिटे बरी. शिवाय श्वास राहणार होता. आणि तसला आवाज त्याने अकरा वर्षांत ऐकलेला नव्हता. डिसेंबरमध्ये निशिवाकीने पहिल्यांदा ऐकवला तेव्हाच तो चकित झाला होता. फक्त दोन श्वासांमधले अंतर त्याला कमी वाटले होते. “वाढव जरा,” तो म्हणाला होता, “माणसाला वाटलं पाहिजे, आता येतच नाही.” निशिवाकी मान खाली घालून म्हणाली होती, “वाढेल.” आणि जानेवारीच्या अखेरीस तिने दुसरी फाईल पाठवली, ती निर्दोष होती. एकही सूचना करावीशी वाटू नये असे काम त्याच्या हाती प्रथमच आले होते.

त्याने पेन घेतले आणि ‘अरिष्टनिवारण’भोवती नीट, दोन्ही टोके जुळणारे वर्तुळ काढले.

“छान,” मोगामी म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून वरच्या लोकांना कळवायला बसला.

मोटार निघून गेली. सहाही जणांनी दगडी कुंडातल्या गार पाण्याने हात धुतले, बूट काढले आणि लाकडी जमिनीवर मांडलेल्या बैठ्या बाकांवर ते दोन ओळींत बसले. ढोल वाजला. पुजारी म्हातारा होता. अंगरख्याच्या घड्या सावरत तो समोर बसला आणि अर्ज डोळ्यांजवळ धरून त्याने जुन्या, पोथीतल्या भाषेत प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. कंपनीचे नाव, रस्त्याचे नाव, मग एकेक माणसाचे नाव. मागच्या ओळीत कोणाचे तरी पोट गुरगुरले आणि कोणीतरी हसू दाबले. 

तेराओका डोके झुकवून बसला होता आणि मनातल्या मनात जमाखर्च तपासत होता. बंदूक अंधारात ठेवता आली तर? सहजी सापडणार नाही अशी? तिच्यावर उजेड पडू दिला नाही तर शंभरातल्या निम्म्यांना तरी ती दिसणार नाही. हा मुद्दा नंतर काढायचा, आज नव्हे.

म्हाताऱ्या पुजाऱ्याला लांब वाक्ये एका दमात म्हणवत नव्हती. वाक्याच्या मधेच तो थांबे. मान खाली घातलेल्या सगळ्यांना ती शांतता ऐकू येई, आणि मग घशातून घरघरत श्वास आत ओढला जाई. तेराओकाचे कान व्यवसायाने तयार झालेले होते. त्या श्वासाची त्याने आपोआप तुलना केली. याचा श्वास वरवरचा होता, छातीतला. हा माणूस दमलेला आहे, एवढेच. निशिवाकीच्या फाईलमधला श्वास मात्र फार खालून येई. तो आत घेताना माणूस तो घेतो आहे असे वाटतच नसे. कोणीतरी तो त्याच्याकडून घेववते आहे असे वाटे. असा आवाज कोणत्या नटाला काढता आला असता?

तिने नट बोलावलाच नव्हता. तशी नोंद कुठे नव्हती. तेराओका नोंदी स्वतः पाहत असे.

पुजाऱ्याने आणखी एक नाव घेतले. निशिवाकीचे. तेराओकाच्या आग्रहावरून घातलेले.

जानेवारीच्या शेवटी ती दोन दिवस आली नव्हती. पाण्याचा हीटर बिघडलाय, असे तिने रजेच्या कागदावर लिहिले होते, आणि परत आल्यावर त्याने सर्वांदेखत विचारले होते, “दोन दिवस? हीटरला न्हाऊ घालत होतीस की काय?” ती हसली होती. त्याच दिवशी दुपारी तिने दुसरी फाईल पाठवली होती. तिचे वडील साकाई गावच्या वृद्धाश्रमात असतात, रविवारी ती तिकडे जाते, हे कार्यालयात सर्वांना ठाऊक होते. आणि बऱ्याच दिवसांत कोणी त्यांच्याविषयी विचारले नव्हते.

घरात मृत्यू झाला असेल तर पन्नास दिवस तोरीखालून जायचे नसते. हे या गावात शाळेतल्या पोरालाही समजते.

प्रार्थना संपली, सर्वांनी माना वर केल्या. तेराओकाने केली नाही. शेजारच्याने त्याला कोपराने हळूच ढोसले, तेव्हा तो उठला, हिरव्या पानांची डहाळी त्याने देवापुढे ठेवली, दोनदा वाकला, दोनदा टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा वाकला. तांबड्या बशीतून घोटभर साके, तांदळाची दारू, सर्वांना मिळाली. मग प्रसादाची एक पिशवी.

तो सर्वांच्या आधी बाहेर पडला.

निशिवाकी होती तिथेच होती. तिच्या नाकाचा शेंडा थंडीने लाल झाला होता.

“झालं? काय मागितलंत शेवटी?” तिने विचारले. “की देवालाच समजावून आलात?”

तेराओका तोरीखालून बाहेर आला. तिच्यापासून हातभर अंतरावर असताना प्रसादाची पिशवी त्याने नकळत पाठीमागे नेली. निशिवाकीने ते पाहिले. 

“कळलं तर,” ती म्हणाली.

“किती दिवस झाले?”

“आज एकोणीस.”

वरून एक मालमोटार पुलाच्या सांध्यांवर धडधडत गेली. दोघेही तो आवाज संपेपर्यंत थांबले. आवाज संपल्याशिवाय बोलायचे नाही, ही त्यांची कामाची सवय होती.

“हीटर,” तेराओका म्हणाला.

“हीटर बिघडला होता की. खोटं नव्हतं लिहिलं. बाबा गेले त्याच आठवड्यात तोही गेला.”

“आणि तो श्वास.”

निशिवाकीने गळपट्टा कानांवरून खाली ओढला. “नट मला नको होता. नटाला माहीत असतं कुणीतरी ऐकतंय. मी दर रविवारी तिथं बसलेलीच असायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, मला बोलायला काही नव्हतं. रेकॉर्डर पिशवीत असतोच.” ती थांबली. “पहिली फाईल डिसेंबरातली. दुसरी शेवटच्या रविवारची.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? तुम्ही म्हणालात, अंतर वाढव. डॉक्टरही तेच म्हणाले होते, वाढेल म्हणून.”

तेराओका तिच्याकडे बघत राहिला. त्याच्याजवळ प्रत्येक वाक्याला उत्तर असे. बावीस पानांचे टिपण लिहून तो संचालकांना पाठवीत असे.

“असं बघू नका हो,” निशिवाकी म्हणाली. “तुम्हाला वाटेल विचित्र, पण मला बरं वाटलं होतं. त्या आश्रमात कुणी बसायचं नाही त्यांच्यापाशी. नर्स यायची, कूस बदलून जायची. भाऊ यायचा तो दहा मिनिटांत घड्याळ बघायचा. मी त्यांना म्हटलं, बाबा, थांबा जरा. लाखभर लोक येतील आता. अंधारात तुमच्या शेजारी बसतील, हलणार नाहीत, स्वतःचा श्वास धरून तुमचा ऐकतील. सोळा मिनिटं! सख्ख्या पोराला नाही जमलं तेवढं.” तिने नाक पुसले. “त्यांना काही ऐकू येत नव्हतं म्हणा.”

तोरीपलीकडे, अंगणात, मंडळी बूट घालीत होती. मोगामी त्या दोघा चित्रकारांना काहीतरी समजावत होता. त्याने दोन्ही हातांत नसलेली बंदूक धरली, एक पाय मागे टाकला, डोळा बारीक केला आणि जमिनीवर पडलेल्या कशावर तरी दोनदा झाडली. मग वाकून, गोळी लागल्यावर पडदा कुठून कुठपर्यंत फाटेल, हे त्याने हाताने दाखवले. चित्रकारांनी माना डोलावल्या.

निशिवाकीची पाठ त्या बाजूला होती.

“तसाच राहतोय ना तो भाग?” तिने विचारले.

“त्यांना गोळी लागणार नाही,” तेराओका म्हणाला.

“गोळी?” 

“नाही लागणार. एवढंच.”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग पुढचे काही न विचारता तिने पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. “मी निघते. मंडळींबरोबर जेवायला नाही येत. आणि ऑफिसात बोलू नका.”

“नाही.”

ती भुयारी रेल्वेच्या जिन्याकडे निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तेराओका तिथे उभा राहिला. तोवर बाकीचे बाहेर आले आणि उदोन शेवयांच्या दुकानाच्या दिशेने चालू लागले. मोगामी मागे रेंगाळला होता. तेराओका त्याच्या बरोबरीने चालू लागला.

“बंदूक काढा,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या भागातली. हात रिकामे ठेवा, पूर्वीसारखे.”

मोगामी हसला. “देवासमोर ठरलं की हो आपलं! वर कळवलंसुद्धा मी. इवानागासानचं उत्तर आलंय, ‘उत्तम’ म्हणून. श्वास आणि बंदूक, दोन्ही मिळून होकार आहे तो.”

“मग श्वास दुसरा घालू. नट बोलावतो.”

“तो श्वास आहे म्हणून तर भाग आहे, तेराओकासान. तो काढलात तर मी वर काय तोंड दाखवू? श्वास आणि बंदूक. नाहीतर भाग नाही.”

ते रस्ता ओलांडण्यासाठी थांबले. समोर लाल दिवा होता. पलीकडच्या काठावर पुढे गेलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हात हलवून त्यांना लवकर यायला सांगत होते.

“मग भाग नाही,” तेराओका म्हणाला.

मोगामीने मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिले. “पुन्हा बोला.”

“काढून टाका. पूर्ण. फाईलसुद्धा ठेवू नका, मी स्वतः पुसतो ती आज दुपारी.”

“आठ महिने तुम्ही माझं डोकं खाल्लंत या सोळा मिनिटांसाठी. राजीनाम्याचं बोललात. बावीस पानं वाचायला लावलीत मला. आणि आता काढून टाका? कारण काय?”

दिवा हिरवा झाला. दोघेही हलले नाहीत. खरे कारण तेराओकाच्या ओठांपर्यंत आले होते, पण त्याने निशिवाकीला शब्द दिला होता.

“तुमचं म्हणणं पटलं,” तो म्हणाला.

“माझं?” मोगामीचा विश्वास बसेना. त्याला आनंदही झाला होता आणि तो लपवण्याइतका सभ्यपणाही त्याच्याकडे होता. “वर विचारतील मला. काय म्हणून सांगू? माझं नेमकं कोणतं म्हणणं पटलं तुम्हाला?”

तेराओकाने रस्त्यापलीकडे पाहिले. मग पाठीवर हात बांधून, संचालकांपुढे उभा राहत असे तसा, तो बोलू लागला.

“पहिली गोष्ट. कामावरून घरी आलेल्या माणसाच्या हातात दिवसभर काहीही नसतं. साहेब बोलतो ते ऐकून घ्यायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं, दवाखान्यात कुणी पडलं असेल तर शेजारी बसून राहायचं. करता काही येत नाही. असा माणूस आपला खेळ उघडतो, आणि आपण त्याला पुन्हा तेच करायला सांगतो : गप्प बस, ऐक, काही करू नकोस. हे घाबरवणं नव्हे, मोगामीसान. ही क्रूरता आहे. त्याला संध्याकाळचा तासभर तरी हातात काहीतरी मिळालं पाहिजे.”

आठ महिन्यांत आपल्याला हे असे मांडता आले नव्हते, हे मोगामीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

“थांबा, थांबा,” तो म्हणाला आणि खिसे चाचपू लागला. “लिहून घेतो.”

दिवा पुन्हा लाल झाला. तेराओका त्याला वही सापडेपर्यंत थांबला. मग, लिहिणाऱ्याच्या हाताला सापडावे इतक्या संथपणे, त्याने दुसरा मुद्दा सांगायला घेतला.